करपलेल्या दुधाची तारीख

आमचे हे सुतार. लाकडाची ढलपी नाकाशी धरली की डोळे मिटून सांगायचे, साग की देवदार. तीन वर्षांपूर्वी उजवा हात थरथरू लागला, पार्किन्सन्स निघाला आणि रंधा सुटला. तरी माणूस कुरकुरला नाही. दवाखान्यातल्या संशोधनात स्वतःहून नाव घातलं. "हातानं आता काही घडत नाही, निदान यात तरी कामी येऊ दे," म्हणाले.

तिथल्या डॉक्टरीणबाईंना कंपाचं काही नको होतं. या आजारात कंपाच्या आधीच काय काय बिघडतं ते त्या शोधत होत्या, म्हणून बाकीचं विचारत. झोप लागते का, पोट साफ होतं का, मन उदास असतं का. मग नाकाची परीक्षा. बारा कुप्या हुंगून यांनी एकही ओळखली नाही. लवंगेला चक्क साबण म्हणाले! मी चाटच पडले. घरात शिरताना रोज "वा, काय वास सुटलाय!" म्हणणारा हा माणूस!

"वास येणं कधी बंद झालं?" बाईंनी विचारलं. निदान वर्ष तरी कळायला हवं, नाहीतर यांची नोंद त्या अभ्यासात धरता येणार नव्हती.

"हळूहळू गेलं असेल. नाही आठवत हो." यांचा चेहरा एवढासा झाला. मला बघवेना.

आणि एकदम डोक्यात उजेड पडला. "दूध!" मी ओरडलेच. "आठ वर्षांपूर्वी, चौदा जून. नवीन फ्रीज आला त्या दिवशी!"

फ्रीज लावण्याच्या नादात दुधाचा कोळसा झाला होता. शेजारीण नाक दाबून विचारायला आली, एवढी दुर्गंधी. तरी नव्या फ्रीजच्या खुशीत मी गुणगुणतच पातेलं घासत होते. तेवढ्यात हे आले आणि म्हणाले, "वा, काय वास सुटलाय!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन दिवस अबोला धरला.

"म्हणून बोलत नव्हतीस होय?" हे बघतच राहिले. "मला वाटलं, फ्रीजचा रंग आवडला नाही."

"आणि बाई, त्याच्या आदल्याच वर्षी शेजारणीचा गॅस गळत होता, तो यांनीच हुंगून सांगितला होता."

"तारीख नक्की?" बाईंनी हसू दाबत विचारलं.

"वॉरंटी कार्ड आहे घरी. आणि राग धरला की मी तारीख विसरत नाही."

बाईंनी लिहून घेतलं, कंपाच्या पाच वर्षं आधी. "फार कामाची नोंद आहे ही, काका." हे ताठ बसले. कपाट बनवून झालं की बसायचे, अगदी तसे.

बाहेर पडल्यावर मी विचारलं, "मग रोज वासाचं सांगायचात ते कशावरून?"

"तू गुणगुणत असलीस की समजायचं, आज झकास जमलंय."

माझे डोळे भरून आले. घरी जाऊन भाजी फोडणीला टाकली आणि मुद्दाम मोठ्यानं गुणगुणू लागले. दारातून आवाज आलाच, "वा, काय वास सुटलाय!"