मल्हारराव आव्हाड सायकलवरून उतरतात

आमच्या गंगापूर रोडला सकाळी सहा ते आठ या वेळेत पायी चालणारा माणूस मागासलेला समजला जातो. बाकी सगळे सायकलवर असतात. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर माशीसारखा गॉगल आणि अंगात इतके घट्ट कपडे, की ओळखीचे डॉक्टर समोरून आले तर आपणच मान खाली घालावी. हे लोक धरणापर्यंत जातात, वाटेत मिसळ खातात आणि घालवलेलं वजन सोबत घेऊन परत येतात. मला हा प्रकार पहिल्यापासून पसंत नाही.

त्यामुळे माझे शेजारी मल्हारराव आव्हाड एकसष्टाव्या वर्षी या लोकांत सामील झाले, तेव्हा मला मनापासून वाईट वाटलं. सरळ माणूस. बत्तीस वर्षं एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीमागे काढली. निवृत्तीनंतर साखर निघाली, डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, आणि पुण्यात नोकरीला असलेल्या मुलीने, तेजस्विनीने, एकवीस गिअरची सायकल पाठवून दिली. सोबत बूट.

बुटांचं नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यांचंच आहे. या बुटांच्या तळाला लोखंडाचा एक तुकडा असतो. तो पेडलमध्ये खट्कन अडकतो आणि पाय पेडलला जोडला जातो. पाय सोडवायचा तर टाच बाहेरच्या बाजूला झटकन वळवावी लागते. ज्याला हे सुचायला उशीर होतो, तो सायकलसकट आडवा होतो. पैसे देऊन माणूस स्वतःला यंत्राला का बांधून घेतो, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

पहिल्या महिन्यात सगळ्यांचं होतं ते मल्हाररावांचंही झालं. सीट अशी लागली की आठवडाभर ते आमच्याकडे येऊन उभ्यानेच चहा प्यायचे. चेन दोनदा उतरली आणि एका पँटचा पाय खाऊन गेली. आनंदवलीजवळ पंक्चर झालं तेव्हा ट्यूब बदलायची रीत मोबाईलवर बघत बसले, आणि चाक बाहेर काढण्यापर्यंत येऊन मोबाईलची बॅटरी संपली. चाक गळ्यात घालून घरी आले. सोमेश्वरजवळचं एक तांबडं कुत्रं रोज त्यांच्या मागे लागायचं. ते जोरात पळवायचे, कुत्रंही जोरात पळायचं. सायकलवाल्यांच्या अ‍ॅपमध्ये तेवढ्या पट्ट्यातला सर्वांत जास्त वेग अजून मल्हाररावांच्या नावावर आहे.

पण या सगळ्यात ते एकदाही पडले नाहीत. ते पडले ते वेगळ्याच कारणाने.

मल्हाररावांना मोठं माणूस दिसलं की सायकलवरून उतरायची सवय आहे. खेड्यात पूर्वी होतीच ही रीत. गावातलं वडीलधारं समोरून आलं की सायकलवरून खाली उतरायचं, नमस्कार करायचा, ते पुढे गेले की परत बसायचं. बाकीच्यांची ही सवय नोकरी लागल्यावर सुटली. मल्हाररावांची नाही सुटली.

तर एका सकाळी त्यांचे जुने ग्रंथपाल भालेराव सर फिरायला निघालेले दिसले. वय वर्षं ब्याऐंशी. मल्हाररावांनी ब्रेक दाबला, उजवा पाय मागून टाकायला गेले, पाय पेडलमध्येच, आणि ते नर्सरीवाल्याच्या शेवंतीच्या कुंड्यांवर सावकाश आडवे झाले. दोन्ही पाय सायकलला जोडलेले असल्यामुळे उठता येईना. त्यांनी पडल्या जागेवरून हात जोडले आणि म्हणाले, "नमस्कार, सर."

भालेराव सरांनी थोडा वेळ पाहिलं. "बरं वाटलं भेटून," म्हणाले. "आता ऊठ."

कोपर सोलवटून घरी आल्यावर सगुणावहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, हळद लावली आणि कायदा केला. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात लाल पेनने फुली मारली. तिसरी फुली पडली की सायकल सिन्नरला त्यांच्या भावाकडे जाणार. वहिनी सिन्नरच्या. बोललेला शब्द मागे घ्यायची त्यांच्याकडे पद्धत नाही.

दुसरी फुली पंधरा दिवसांत पडली. कोपऱ्यावर अक्काबाई मेथी-शेपू घेऊन बसतात. ऐंशीच्या पुढच्या आहेत. वहिनी स्वतः तिथे भाजी निवडत उभ्या असताना मल्हारराव समोरून आले, अक्काबाईंना पाहिलं आणि कोथिंबिरीत उतरले. अक्काबाई म्हणाल्या, "माझ्यासाठी आजवर कोणी उतरलं नव्हतं बाबा. तू तर झोपलास."

मी त्यांना शांतपणे समजावलं. बूट सोडा, चपलेवर चालवा. ते म्हणाले, पेडल बोटभर आहेत, चपला निसटतात. मग पेडल बदला. ते म्हणाले, तेजूने पहिल्या पगारातून घेतलेत, व्हिडिओ कॉलवर आधी बूट बघते. मग म्हटलं, उतरू नका, नुसती मान हलवा.

"मान हलवायला मी नंदीबैल आहे का?" ते म्हणाले. एवढ्या वर्षांत माझ्याशी त्यांचं हे सर्वांत कडक बोलणं.

आणि नेमका याच दिवसांत सिन्नरहून फोन आला. धोंडीराम गुरुजींचा.

गुरुजींशिवाय मल्हाररावांची गोष्ट पुरी होत नाही. सिन्नरच्या पुढे दोन कोसांवर मल्हाररावांचं गाव. गुरुजी सिन्नरला राहायचे आणि रोज सायकलने गावच्या शाळेत शिकवायला यायचे. मल्हारी सातवी पास झाला, पुढची शाळा सिन्नरला, जायला वाहन नाही. बाप म्हणाला, झालं तेवढं शिक्षण बास. तेव्हा गुरुजींनी आपली सायकल त्याला देऊन टाकली, दहावीपर्यंत. आणि स्वतः तीन वर्षं पायी शाळेत आले. सायकल देताना एकच अट घातली. मोठं माणूस दिसलं की खाली उतरायचं. सायकलवरचा माणूस उंच दिसतो, मोठ्यांपुढे उंच दिसायचं नाही.

पोरगा गावातून सिन्नरकडे निघायचा आणि गुरुजी सिन्नरहून गावाकडे. रोज सकाळी अर्ध्या वाटेत गाठ पडायची. पोरगा उतरायचा, नमस्कार करायचा. गुरुजी म्हणायचे, "चल, उशीर होईल." हे मला मल्हाररावांनी एकदाच सांगितलं आणि सांगून झाल्यावर बराच वेळ चष्मा पुसत बसले.

आता गुरुजी अठ्ठ्याऐंशीचे. फोनवर त्यांचं म्हणणं थोडक्यात होतं. मुलगा त्यांना पुढच्या आठवड्यात नागपूरला कायमचं घेऊन चालला आहे. डोळे गेल्यात जमा आहेत, सावल्या तेवढ्या हलताना दिसतात. "तू म्हातारपणी परत सायकल धरलीस म्हणतात. रविवारी सायकलवर ये. मला बघायचंय."

म्हणजे रविवारी तीस किलोमीटर जायचं, आणि तोवर पडायचं नाही. पडले तर कॅलेंडरवर तिसरी फुली, आणि गुरुजींपुढे जायचं ते एसटीने. मल्हाररावांचं जेवण कमी झालं. आठवडाभर ते कॉलनीच्या मागच्या रस्त्यावर टाच वळवण्याचा सराव करत होते. मला घोंगडं पांघरून म्हातारा म्हणून उभं केलं होतं. मी उभा राहिलो. शेजारधर्म आहे.

वहिनींनी सायकल बंद केली नाही, पण अट घातली. "मी मागं स्कूटरवर येणार, भाऊजींच्या. डोळ्यांनी बघणार. उतरले तर उतरले, पडले तर पडले. मला दोन्हीतला फरक कळतो." मग जरा थांबून म्हणाल्या, "पडायचंच तर सिन्नरला पडा म्हणावं. सायकल पोचवायला टेम्पो नको."

रविवारी उजाडता उजाडता निघालो. पुढे मल्हारराव, मागे मी आणि वहिनी. ठरलं असं होतं की कुणी म्हातारं माणूस दिसलं की मी तीनदा हॉर्न वाजवायचा, म्हणजे त्यांनी आधीच पाय सोडवून ठेवायचा. बेत माझा होता. द्वारका चौकातच तो संपला. तिथे प्रत्येक गाडीवाला तीन-तीन हॉर्न देत होता, आणि मल्हारराव प्रत्येक हॉर्नला पाय सोडवून इकडेतिकडे म्हातारं शोधत होते. सिन्नर फाट्यापर्यंत त्यांच्या टाचेत चमक भरली.

पण माणूस पडला नाही. मोहदरीच्या घाटात सगळे गिअर टाकून झाले, दम संपला, मागून ट्रक ओरडत होते, तरी पाय मारत राहिले. घाटाच्या वरच्या अंगाला एक टोपीवाले आजोबा शेळ्या घेऊन येताना दिसले. मी श्वास रोखून धरला. मल्हाररावांनी लांबूनच वेग कमी केला, डावी टाच वळवली, उजवी वळवली, खाली उतरले आणि राम राम घातला. आजोबांनी त्यांच्या हेल्मेटकडे बघत राम राम घेतला.

"हे उतरणं," वहिनी माझ्या कानाशी म्हणाल्या. "असं असलं तर माझं काय म्हणणं नाय."

खरं सांगायचं तर एकसष्टाव्या वर्षी ही अडचण आपोआप कमी होत जाते. तीस किलोमीटरमध्ये मल्हाररावांना उतरण्याजोगी दोनच माणसं निघाली. बाकी सगळे त्यांच्याहून लहान होते. हे माझ्या त्या दिवशी लक्षात आलं आणि फारसं आवडलं नाही.

गुरुजींचं घर सिन्नरच्या कडेला, समोर मोकळा प्लॉट. गुरुजी ओट्यालगत खुर्ची टाकून बसले होते. धोतर, सदरा, मांडीवर काठी. आतून सामान बांधल्याचे आवाज येत होते. मल्हारराव घर दिसताच उतरले, चांगली शंभर पावलं आधी, आणि सायकल हातात धरून चालत आले. वाकून पायांवर डोकं ठेवलं.

गुरुजींनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, मग सायकलच्या हँडलवरून. "कुठं उतरलास?" त्यांनी विचारलं.

"तिकडे, वळणावर."

"मग मला काय दिसलं?" गुरुजी म्हणाले. "तीन वर्षं रोज सकाळी तू मला भेटलास, आणि रोज माझ्यासमोर खाली उतरलास. सायकल मी दिली, पण तुला ती चालवताना एकदाही बघितलं नाही रे मल्हारी. जा. चालवून दाखव. आणि उतरू नकोस."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मी स्कूटरचा आरसा पुसला, त्याची गरज नव्हती.

मग ते बसले. एक पाय खट्, दुसरा खट्. प्लॉटमध्ये त्यांनी चक्कर मारायला सुरुवात केली. गुरुजींच्या समोरून जायची वेळ आली तशी सायकल अडखळली. पन्नास वर्षांची सवय, ब्रेकवर बोटं गेलीच. "चल, उशीर होईल," गुरुजी म्हणाले, आणि ती पुढे गेली. दुसरी चक्कर, तिसरी. गुरुजींची मान सावलीमागे फिरत होती. चाकाचा टिकटिक आवाज जवळ आला की ते हसायचे आणि लांब गेला की कान द्यायचे. चष्म्याआडून मल्हाररावांच्या गालावर पाणी येत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मला सायकलवाले आवडत नाहीत, पण त्या दिवशी ती सायकल थांबू नये असं मला वाटत होतं.

पाचव्या चकरेला गुरुजी उठले. काठी टेकली, एक हात ओट्याला लावला आणि ते खुर्चीतून उभे राहिले. त्यांना बहुधा जवळून बघायचं होतं.

गुरुजी उभे राहिलेले मल्हाररावांनी पाहिले आणि संपलं. आठ दिवसांचा सराव, टाच, घोंगडं, सगळं गेलं. ब्रेक लागला, उजवा पाय मागून टाकायला उचलला, पाय पेडलमध्येच, आणि एकसष्ट वर्षांचे मल्हारराव आव्हाड गुरुजींपासून हातभर अंतरावर धुळीत आडवे झाले. चाक वरच्या वर फिरत राहिलं. त्यांनी गुरुजींकडे नाही, वहिनींकडे पाहिलं.

मीही वहिनींकडे पाहिलं. त्यांच्या भावाचं घर तिथून दोन गल्ल्यांवर होतं.

"काय झालं?" गुरुजी हवेत हात पुढे करत म्हणाले. "सावली कुठं गेली? पडला का काय?"

वहिनी पुढे झाल्या. त्यांनी गुरुजींचा हात धरला, धुळीत पडलेल्या नवऱ्याकडे एकदा नीट बघून घेतलं आणि म्हणाल्या,

"नाय गुरुजी. उतरले ते."