शंभरीचा हात

मुलांनो, परवा चौबे कॉलोनीतल्या दवाखान्यात साखर तपासायला गेले होते. बाकावर माझ्या शेजारी शंभरी ओलांडलेली एक बाई बसली होती. फार जगलेल्या माणसांच्या रक्तात वेगळं काय असतं, याचा अभ्यास करणारी एक डॉक्टर मुलगी तिचं रक्त घेत होती. बाई ताठ बसून, चष्म्याशिवाय सुईकडे बघत होती.

"दादी, खाती क्या हो आप?" मुलीने विचारलं.

"जे भेटलं ते. भूक काही मरत नाही, बाई."

हे ऐकून समोरच्या तरुण आईने आपलं बाळ तिच्यापुढे धरलं. "सिर पे हाथ रख दो, दादी. आपकी उमर लग जाए इसको."

बाईने मोकळा हात झटकन पदराखाली घेतला. "ने त्याले तिकडं."

आई हिरमुसली. मला राग आला. "अहो, आशीर्वादच तर मागतेय ती."

"माह्या तिन्ही पोट्ट्यांच्या डोक्यावर हाच हात होता," ती म्हणाली. "थोरला सिलतऱ्याच्या कारखान्यात खोकून खोकून गेला. मागनं दोघं गेले. रक्त तं माहंच होतं न त्यायच्यात? हे पोरगी सांगंल का, मीच काहून राहिली?"

डॉक्टर मुलगी बाटलीवर चिठ्ठी चिकटवत पुटपुटली, "दादी, ये रिपोर्ट में नहीं आता."

"मंग कायले घेऊन राहिली?"

दरवर्षी तुमच्या वाढदिवसाला मी 'शतायुषी व्हा' असं लिहिते. यंदा एवढंच लिहिते: आमच्या मागे उरा.