कापाकापीचा रविवार

त्या रविवारी सकाळी मी भोपळ्यात सुरी अडकवून घराबाहेर पडलो.

आमच्याकडे लाल भोपळ्यावर पहिला घाव पुरुषानं घालायचा, मग बायकांनी तो चिरायचा, अशी रीत आहे. का, ते कुणालाच माहीत नाही. घरातला पुरुष मीच, त्यामुळं बायकोनं शहागंजच्या बाजारातून आणलेला भलामोठा भोपळा माझ्यासमोर आला. मी डोळे मिटून सुरी हाणली. ती निम्मी आत गेली आणि तिथंच राहिली. ओढून येईना, दाबून जाईना. सुरी उचलली तर खाली भोपळा लोंबायला लागला.

"अहो, भोपळा मारायचाय का चिरायचाय?" बायको म्हणाली.

"संध्याकाळी बघतो," म्हणालो आणि बॅग उचलून सटकलो. मला त्याहून मोठी कापाकापी करायची होती.

शहरातल्या एका रुग्णालयाचा सर्व्हर मी सांभाळतो. मशीन एकच, पण त्याच्या पोटात चार आभासी सर्व्हर चालतात. बिलं, लॅब, औषधं आणि स्कॅनच्या प्रतिमा, प्रत्येकाचा वेगळा. त्या सगळ्यांच्या तळाशी असतो कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. हार्डवेअरशी बोलायचं ते त्यानंच. तयार मिळणाऱ्या कर्नेलमध्ये जगातल्या झाडून सगळ्या उपकरणांची सोय असते. रुग्णालयाच्या सर्व्हरला जॉयस्टिक कशाला हवी? नको असलेला कोड म्हणजे हल्ला करणाऱ्याला आयतं दार. म्हणून मी खास या मशीनपुरता, आटोपशीर कर्नेल बांधायचं ठरवलं. हे व्यवस्थापनाला सांगितलेलं कारण. खरं कारण असं, की घरात माझं कुणी ऐकत नाही आणि कर्नेलच्या कॉन्फिगरेशनमध्ये मी 'नको' म्हटलं की ती गोष्ट मुळापासून जाते. साऊंड कार्ड, उडव. टीव्ही कार्ड, उडव. ब्लूटूथ, मुंडकं छाट. भोपळ्याला भिणारा माणूस तिथं नुसता कत्तल करत सुटतो.

या कत्तलीसाठी एक सोयीची आज्ञा आहे. या घडीला मशीन जे जे वापरतंय तेवढं ती ठेवते, बाकीचं वगळते. ती देण्याआधी मी खबरदारी म्हणून पोटातले चारही सर्व्हर बंद केले. ते झोपलेले, म्हणून त्यांना नेटवर्कशी जोडणारी आभासी तारही वापरात नव्हती. आज्ञेनं तीही छाटली. मला पत्ता नाही.

कर्नेल बांधून झाला, मशीन त्याच्यावर झोकात उठलं. पोटातले चौघं मागोमाग आपोआप उठतील असं धरून मी समोरच्या टपरीवर चहाला गेलो.

चहा हातात येतोय तोवर अँब्युलन्स आली. तिच्या मागं दोन जीप, माणसांनी खचाखच. पाचोडच्या बाजारात भावकीतच बांधावरून जुंपली होती. एकाच्या डोक्यात लोखंडी पाइप बसला होता, मारणाऱ्यांपैकी एकाचा हात मोडला होता. दोघांनाही एकाच अँब्युलन्समध्ये घालून आणायची अक्कल कुणाची, देव जाणे. डोकं फुटलेल्याचं सगळं बनियन लाल झालं होतं आणि तो स्ट्रेचरवर शांतपणे काहीतरी हिशोब मांडल्यासारखी बोटं हलवत होता.

थोड्या वेळानं स्कॅन काढणाऱ्या ताईंचा फोन आला. "सर, स्कॅन झालाय, पण प्रतिमा वरच्या मजल्यावर जात नाहीये. पेशंट थिएटरमध्ये नेलाय. डॉक्टर म्हणतात, प्रतिमा बघितल्याशिवाय डोकं उघडणार नाही."

"मोबाइलवर फोटो काढून पाठवा."

"पाठवला. म्हणाले, असल्या फोटोवर मी कवटीला हात लावत नाही. खाली स्वतः येत होते, पण जिन्यात मारामारी चाललीय. थिएटरचं दार आतून लावून घेतलंय त्यांनी. सर, त्या माणसाच्या एका डोळ्याची बाहुली मोठी झालीय. लवकर काहीतरी करा."

माझ्या हातातला चहा थंड झाला की मी, ते सांगता येणार नाही.

दारात वॉचमन काठी छातीशी धरून उभा होता. "साहेब, आत जाऊ नका. आत मुडदे पडायलेत."

सर्व्हर रूम त्याच पॅसेजच्या टोकाला. मी लॅपटॉपची बॅग डोक्यावर धरली आणि घुसलो. सलाइनचे स्टँड लाठ्यांसारखे फिरत होते. एकानं दुसऱ्याला खुर्चीसकट काचेत ढकललं. फरशीवर रक्त आणि त्याच्यात चपला.

"बांध कोरायला कोण आलतं रे? बोल!"

"व्हय, कोरला! आन् अजून कोरीन! काय करतो?"

यावर पहिल्यानं जे केलं ते हेल्मेटनं केलं, आणि दुसऱ्याचे दात वाजलेले मी ऐकले.

तेवढ्यात माझी कॉलर कुणीतरी धरली. "ह्यो कोन्या पार्टीचा?"

"मी... सर्व्हरचा!"

हे उत्तर दोन्ही बाजूंना मान्य झालं नाही. एकानं कानाखाली काढली, दुसऱ्यानं पाठीत स्टँड घातला. कान गुणगुणत असतानाच मी सर्व्हर रूममध्ये शिरलो आणि कडी लावली.

स्क्रीनवर चारही सर्व्हर आडवे. एकही उठला नव्हता. तार नाही, असं प्रत्येकानं लिहून ठेवलं होतं. मला सगळं कळलं. नशीब, या धंद्यातला एक नियम मी पाळला होता, जुना कर्नेल पुसला नव्हता. मी मशीन पुन्हा चालू केलं. आता सुरुवातीच्या पडद्यावर बाणाची कळ दाबून जुना निवडायचा. तो पडदा काही क्षणच थांबतो. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून, आणि असलं मशीन उठायला चांगलंच रेंगाळतं. मेमरी तपासतं, पंखे गुरगुरवतं, विचार करतं. वर एका माणसाच्या डोक्यात रक्त साठत होतं.

"आत लपलाय! हितंच शिरला तो!" बाहेरून आवाज आला आणि दाराची काच फुटली.

त्यातून एक हात आत आला. काचेनं कोपरापर्यंत फाटलेला, रक्तानं चिकट. तो कडी शोधत होता, सापडला माझा शर्ट. त्यानं मला मागं खेचलं. त्याच क्षणी पडद्यावर दोन ओळी उमटल्या, वर नवा, खाली जुना. डावा हात लांबवून मी बाण दाबला, एंटर दाबलं. आणि उजव्या हाताला लागली ती जुनी, मेलेली हार्ड डिस्क उचलून त्या हातावर घातली. बोटांवर. पुन्हा. हाड वाजलं. हात सुटला.

सुटल्यावरही मी एकदा घातली.

आयुष्यात मी कुणाला मारलं नव्हतं. आमच्या घरातली हिंसा म्हणजे फार तर ताट आपटणं. आणि त्या शेवटच्या घावाला मला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू.

चौघं एकेक करून उठले. ताईंचा फोन आला, "गेली वर! डॉक्टरांना दिसली!" मी तिथंच फरशीवर बसलो.

पोलिस आले, पॅसेज निवळला. बाहेर पडताना बाकावर एकजण बसलेला दिसला. हाताला कोपरापर्यंत पट्टी, त्यातून बाहेर आलेली बोटं सुजून काळीनिळी. तो डोकं फुटलेल्याचा सख्खा भाऊ होता. मला बघून अदबीनं उठला. "साहेब, तुम्ही कॉम्प्युटरवाले ना? त्या ताई म्हनल्या, तुमच्यामुळं फोटो वर गेला. लई उपकार झाले." आणि त्यानं हात जोडायला घेतले. ते जुळेनात.

मान हलवली आणि पार्किंगकडं निघालो.

घरी आलो तेव्हा सुरी भोपळ्यात तशीच उभी होती. बायकोनं फाटका शर्ट पाहिला, सुजलेला कान पाहिला. ओरडली नाही. बर्फ आणला, बसवलं आणि सगळं काढून घेतलं माझ्याकडून. हातही, डिस्कही, तो शेवटचा घावही. मध्येच ताईंचा फोन आला. डोकं उघडलं होतं, रक्ताची गाठ काढली होती, माणूस जिवंत होता. पुढचं उद्या कळेल.

फोन ठेवून मी उगाच कर्तव्य म्हणून उठलो आणि सुरीच्या मुठीला हात घातला. मुठीबरोबर भोपळाही ओट्यावर खडखडायला लागला.

बायकोनं माझी बोटं एकेक करून सोडवली, भोपळा सुरीसकट फडताळात ठेवला आणि दार लावलं.

"आज ह्या घरात कुणी काही कापायचं नाही," ती म्हणाली. "खिचडी टाकलीय. आणि सकाळी आधी त्या माणसाच्या बोटांचं बघून या."