वेबसाइटवर मामंजींचा हात

मैत्रिणींनो, मूल गावातल्या आमच्या तांदळाच्या दुकानाची वेबसाइट बनवायला आज चंद्रपूरहून एक डिझायनर मुलगी आली होती.

आमच्याकडे गिऱ्हाईक आधी दाणा चावून पाहतं, मगच तांदूळ घेतं. तो दाणा माझे सासरे, मामंजी, स्वतः हातावर देतात. तिला त्याचाच फोटो हवा होता. पण त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं मागेच राइस मिलच्या पट्ट्यात गेलीत.

ती म्हणाली, "डावा हात चालेल आजोबा."

"डाव्या हातानं कोणी कोणाले दाणा देते का बाई?" असं म्हणत त्यांनी उजवाच पुढे केला.

फोटो पाहून तिनं मला हळूच विचारलं, "कॉम्प्युटरवर बोटं जोडून देऊ का?"

खरं सांगते, मी लगेच हो म्हटलं.

मामंजींनी ऐकलं आणि हसले. "मंग लोक दुकानात येऊन दहा बोटांचा म्हातारा शोधत बसतीन, सूनबाई. राहू दे जसा हाय तसा."

फोटो तसाच राहिला. रोज पूजेनंतर मी त्याच हातावर तीर्थ देते. मग आज मला तो लपवावासा का वाटला? तुमचंही आपल्या माणसांच्या बाबतीत असं होतं का?