बांगड्याची मुंडकी आणि माझा पंप

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात पुरुष मुंबईला आणि आंब्याची कलमं बायकांच्या ताब्यात, अशी बहुतेक घरांची रीत होती. माझा नवरा आणि धाकटा दीर दोघेही तिकडे नोकरीला. कलमांची वाटणी झाली होती, फक्त विहिरीजवळचं जुनं कलम सासऱ्यांनी बाजूला ठेवलं होतं. एका दिवाळीनंतर त्यांनी मला आणि धाकट्या जावेला अंगणात बोलावलं.

"विहिरीकडची बाजू थोरलीनं बघायची, कुंपणाच्या गडग्याकडची धाकटीनं. हंगामाला जिच्या बाजूला फळ जास्त, कलम तिचं."

मला ते कलम हवं होतं. त्याहून खरं म्हणजे, तिला मिळायला नको होतं. ती घरात आल्यापासून सासरे तिच्या हातची पेज मागून घेत. माझ्या हातची पुढ्यात आली की पीत.

मी दुसऱ्या दिवशी वही काढली. कलमाचे शत्रू एका पानावर लिहिले. पहिला तुडतुडा, मोहोराचा रस पितो, पानं चिकट करतो. मग भिरूड, खोड पोखरतो. त्याला औषध लागत नाही, भोकात तार घालून काढायचा. तांबड्या मुंग्या, फळ उतरवणाऱ्याला चावतात. शेवटी माशी. माशी काय करते हे मला सांगता आलं नसतं, पण घाण किडा म्हणून लिहिली.

पालवीला एक फवारणी, मोहोर डोकावताना दुसरी. पायाने मारायचा पंप होता, गडी पाय मारी आणि लांब काठीला बांधलेली नळी मी धरी. औषधाचा गुण मी डोळ्यांनी पाहिला आहे. माझ्या बाजूला तुडतुडा औषधालाही सापडेना. तिच्या बाजूला फांदी हलवली की पाऊस पडल्यासारखा अंगावर येई. तो आठवडा मी आनंदात होते.

मोहोर फुलला तेव्हा तिने मांडवी बंदरावरून बांगड्याची मुंडकी आणून टोपलीत भरली आणि आपल्या फांदीला टांगली. वास विहिरीपर्यंत.

"काय गो, कलमाला जेवण वाढलंस?" मी विचारलं.

"पाहुण्यांसाठी, वैनी."

"पाहुणे म्हणजे माशा?"

"तुमच्या पंपाला भिऊन त्या तिकडे येत नाय. मग माझ्याकडेच जेवतात."

तिच्या आईकडे असंच करत म्हणे. माशा मोहोरावर बसल्या की फळ धरतं. मी हसले. दहा-बारा दिवसांनी हसू गेलं. तिच्या बाजूला मोहरीएवढी फळाची कणी धरली होती, घोसच्या घोस. माझा मोहोर स्वच्छ, चकचकीत आणि रिकामा. दुपारी तिच्या फांद्या माशा आणि मधमाश्यांनी घुमत, माझ्या बाजूला पान हललेलं ऐकू येई. सासरे काठी टेकत तिच्या बाजूखाली उभे राहिले आणि कितीतरी वेळ वर बघत होते. माझ्या बाजूला आलेच नाहीत.

माशी माझ्या यादीत होतीच. धाकटी मासळी आणायला गेली तशी मी गड्याला बोलावलं.

"वैनी, फूल उमललेलं हाय. आता कशाला मारताय?"

"तू पाय मार."

औषध नेहमीपेक्षा जास्त घातलं. माझी बाजू नावापुरती भिजवली आणि नळी गडग्याकडे वळवली. तासाभरात टोपलीभोवतीचा आवाज बंद झाला. संध्याकाळी कलमाखाली मेलेल्या मधमाश्या पडल्या होत्या. विहिरीच्या कपारीतलं पोळं त्या वर्षी रिकामं झालं, ते परत कधी भरलं नाही. ती परतली, खाली वाकून बघितलं, टोपली सोडून नेली. मी वहीत तिसरी फवारणी लिहिली. कुठल्या बाजूला, ते लिहिलं नाही.

चैत्रात सासऱ्यांनी फळ उतरवायला काठीला जाळी बांधलेला झेला लावला. माझ्या बाजूला मोजकी फळं. तिच्या फांद्यांना खालून टेकू द्यावे लागले होते. कारण साधं होतं, आणि मला ते आधीच कळायला हवं होतं. मी फवारलं तोवर तिची कणी धरून झाली होती. त्या कणीला आता धोका होता तो तुडतुड्याचा, तेवढा मी मारून दिला होता. माशा नसल्यामुळे उरलेल्या मोहोराचं काही झालं नाही, आणि उरलेला मोहोर सगळा माझा होता.

"कलम धाकटीचं," सासरे म्हणाले.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "वैनीचं औषध लागलं मामंजी. नायतर तुडतुड्यानं माझं काय ठेवलं नसतं."

सासरे मान हलवून आत गेले. तो टोमणा होता की आभार, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं.

पुढच्या दिवाळीनंतर ती माझी वही मागायला आली. फुलण्याआधीच्या दोन फवारण्या तिने माझ्याकडून करून घेतल्या, मोहोर फुलल्यावर मुंडकी टांगली. मी यादीतून माशी खोडली आणि खाली लिहिलं, फूल उमललं की पंप माळ्यावर. तेव्हापासून दरवर्षी तिच्या कलमाला मीच फवारते, नीट, वेळेवर. आंब्यांची पहिली पाटी ती मलाच आणून देते. कापताना मला अजूनही वाटतं, एखादा तरी आंबट निघावा. निघत नाही.