विमलताईंनी घेतलेला फोन

विमलताई रागावल्या की आवाज चढवत नसत, खाली आणत. ज्याच्यावर राग असे त्याला पुढे वाकून ऐकावं लागे, आणि तो वाकला की त्या एकच वाक्य बोलत. ऑफिसातल्या माझ्या पहिल्याच दिवशी ते वाक्य माझ्या वाट्याला आलं. टेलिफोन बोर्डावरच्या बाई अंध आहेत, एवढंच मला कुणीतरी सांगितलं होतं. जेवणाच्या सुट्टीत त्या जिन्याकडे निघालेल्या दिसल्या आणि मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला. त्या थांबल्या. नाव विचारलं. मी सांगितलं.

"देशपांडे, तुम्हाला कुणी न विचारता धरलं तर चालतं काय?"

मी हात सोडला. त्या कठड्याला हात न लावता जिना उतरून गेल्या.

त्या मूळच्या परभणीकडच्या. वडिलांना रेल्वेत नोकरी लागली म्हणून कुटुंब हैदराबादेत आलं आणि तारनाक्याला राहिलं. आंधळ्या पोरीला शाळेत कशाला घालता, असं विचारणाऱ्या नातेवाइकांशी वडिलांनी बोलणंच टाकलं होतं, हे त्या अभिमानानं सांगत. तीस वर्षं बोर्डावर काढल्यामुळे त्यांच्या बोलण्यात बोर्डाचीच भाषा असे. त्यांच्याबद्दल त्यांच्यादेखत कुणी तिसऱ्याशी बोलू लागलं की त्या म्हणत, "लाइनीवर मी आहे. माझ्याशी बोला."

त्या निवृत्त झाल्या तरी आमचं येणं-जाणं चालू राहिलं. त्याच सुमारास परदेशातल्या भाचीनं त्यांना आपला वापरलेला आयफोन दिला. स्क्रीनवर बोट फिरवलं की बोटाखाली जे असेल ते फोन वाचून दाखवी. त्यांनी तो वर्षभरात असा आत्मसात केला की मला माझ्या फोनची लाज वाटावी. एकदा म्हणाल्या, "तपासणीचा रिपोर्ट फोनवर आला. माझ्या पोटात काय आहे ते आयुष्यात पहिल्यांदा आधी मला कळलं, मग नेहमी वाचून दाखवणाऱ्या वहिनीला."

तो फोन म्हातारा झाला. बॅटरी दुपारपर्यंत टिकेना आणि एक दिवस बँकेचं ॲप उघडेनासं झालं. नवा आयफोन पेन्शनीत बसणारा नव्हता. पंधरा हजारांच्या वर जायचं नाही, अँड्रॉइड घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं. मी म्हटलं, त्यात काय, फोन तो फोन. त्यांचा आवाज खाली आला. "देशपांडे, माझी बोटं सात वर्षं आयफोनच्या खुणांची लिपी शिकली. अडुसष्टाव्या वर्षी लिपी बदलायची आहे मला. तुम्ही वही बदलल्यासारखं बोलताय."

काय हवं ते त्यांनी पक्कं केलं होतं. वायरचे इअरफोन लावायला भोक पाहिजे, म्हणजे बँकेचे आकडे बसमध्ये मोठ्यानं वाचले जाणार नाहीत. बोटाचा ठसा घेणारं बटण कडेला, हाताला लागेल असं पाहिजे. आणि बोट फिरवल्याबरोबर आवाज आला पाहिजे. स्वस्त फोनमध्ये बोट पुढे जातं आणि आवाज मागून रखडत येतो, हे त्यांनी ओळखीच्यांचे फोन हाताळून शोधून काढलं होतं.

आम्ही नारायणगुड्यातल्या एका मोठ्या दुकानात गेलो. सेल्समननं त्यांच्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "सर, आंटीकू कॅमेरा कैसा होना?"

"लाइनीवर मी आहे," विमलताई मराठीतच म्हणाल्या, मग हिंदीत, "कॅमेरा नक्को. मेरेसे बात करो."

तो माझ्याशीच बोलत राहिला. "सर, इनके वास्ते बटनवाला फोन ले लेव ना. ये सब इनकू कायकू?"

विमलताईंनी हात पुढे केला, काउंटरवरचा एक फोन उचलला आणि आवाजाची दोन्ही बटणं एकत्र दाबून धरली. फोन बोलू लागला. त्या शांतपणे बोट फिरवून पाहू लागल्या. त्यांना कसं माहीत, तर दोन रात्री भाचीकडून फोनवर शिकून घेतलं होतं. सेल्समन मात्र घाबरला. त्यानं स्क्रीनवर बोटं मारली, पण बोलता फोन एका टिचकीनं काही उघडत नाही, नुसतं वाचतो; त्याच्या बोटांना तो ऐकेना. मॅनेजर धावत आला. "डेमो पीस है अम्मा, बिगाड दिये तुम!" म्हणत त्यानं फोन त्यांच्या हातातून हिसकावला. खरंच हिसकावला. त्यांचं बोट अजून हवेत होतं.

माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, काउंटरवर हात आपटला, माणसं जमवली. विमलताई मॅनेजरच्या दिशेनं वळून हळूच म्हणाल्या, "बिघडलेला नाही. तुम्हाला येत नाही. विचारलं असतं तर शिकवलं असतं." आणि घडीची काठी उघडून बाहेर पडल्या.

रस्त्यावर मी त्या मॅनेजरला शिव्या देत होतो. त्या म्हणाल्या, "तुम्ही कशाला ओरडला? मी बोलत होते ना." मला ते कळलं नाही.

कळलं असतं तर पुढचं केलं नसतं. पुढच्या आठवड्यात मी एकट्यानंच त्यांच्यासाठी फोन घेतला. मोठी स्क्रीन, पातळ, देखणा, पंधरा हजारांच्या बराच वर. दुकानांत पुन्हा त्यांचा अपमान नको, असं मी स्वतःला सांगितलं. तारनाक्याला जाऊन तो त्यांच्या हातात ठेवला.

त्यांनी कडेनं बोट फिरवलं. "भोक कुठंय?"

नव्हतं.

"ठशाचं बटण?"

ते स्क्रीनच्या आत होतं. काचेवर कुठं बोट ठेवायचं ते डोळ्यांनाच दिसणार. मी म्हटलं, "सवय होईल, ताई."

त्यांचा आवाज इतका खाली गेला की मला खुर्ची पुढे ओढावी लागली. "त्या मॅनेजरनं फोन हिसकावला. तुम्ही तर निवडच घेतली माझी. तुमच्या घरात तीन पिढ्या सरकारी खुर्च्यांवर बसल्या, दुसऱ्याचं ठरवायची सवय आहे तुम्हाला. माझ्यावर नको ती. परत करा हे."

मीही चिडलो. इतकं करूनही हे ऐकायचं? फोन उचलला आणि चहा न पिता निघालो. घरी येईपर्यंत मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत होतो आणि एकही उत्तर टिकत नव्हतं.

तीन आठवडे आमचं बोलणं नव्हतं. मग एक मेसेज आला. "नवीन फोनवरून लिहिते आहे. राग गेलेला नाही. रविवारी या."

रविवारी कळलं, त्या मेट्रोनं एकट्या कुकटपल्लीला तीनदा गेल्या होत्या. तिथल्या एका लहानशा दुकानातली बाई त्यांना स्टूल देई आणि एकेक फोन हातात ठेवून आपलं काम करी. तिसऱ्या खेपेला त्यांना आवाज न रखडणारा फोन सापडला. जाड, बोजड, भोक असलेला, कडेला बटण असलेला, त्यांच्या बजेटमधला. नवी लिपी बोटांत बसायला दीड महिना लागला. रोज चिडत, रोज शिकत. पुढे दृष्टिहीन मैत्रिणींना फोनवरून शिकवूही लागल्या.

गेल्या हिवाळ्यात पोटाच्याच दुखण्यानं त्या गेल्या. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तारनाक्याच्या घरी मी गेलो. बुद्धवंदना झाली, त्यांच्या आठवणीत चार माणसं बोलली. प्रत्येकाच्या भाषणात "बिचारी" हा शब्द होता.

जेवताना त्यांचे चुलतभाऊ माझ्याशेजारी आले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "देशपांडेसाहेब होते म्हणून आमच्या विमलचं निभावलं. फोनसुद्धा साहेबांनीच बघून दिला तिला."

"नाही," मी म्हणालो. "मी दिलेला चुकीचा होता. त्यांनी तो परत केला. वापरत होत्या तो त्यांनी स्वतः शोधला, एकट्यानं, तीन खेपा घालून."

चुलतभाऊ हसले, माझ्या पाठीवर हात ठेवला. "मोठेपणा आहे तुमचा," म्हणाले, आणि माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

मी तसाच ताटावरून उठलो.