जाझगुलच्या नावावरची खोकी

माझ्या मुलीला ‘हे माझं नाही’ असं म्हणता येत नाही. लहानपणी ते गोड वाटायचं. वर्गात कुणीतरी शाई सांडायचं आणि बाईंनी विचारलं की उभी ही राहायची. मी त्याच शाळेत भौतिकशास्त्र शिकवत होते, त्यामुळे शिक्षकांच्या खोलीत मला ते हसत हसत सांगितलं जायचं, आणि मीही हसायचे. आता जाझगुल दोन मुलांची आई आहे, कोचकोरला सासरी नांदते आहे. उद्या दुपारी राजधानीला, बिश्केकला जाऊन ती एका कागदावर सही करणार आहे. न केलेली गोष्ट मीच केली, असं त्या कागदावर लिहिलेलं असेल. ती सही झाली की तिचा कुरियर कंपनीशी असलेला करार जाईल, आणि त्याबरोबर गल्लीतल्या बायकांचं कामही जाईल.

इथे बालिकचीत रात्रीचा वारा तळ्यावरून येतो आणि खिडक्या हलवत राहतो. झोप तशीही नव्हतीच, म्हणून लिहायला बसले.

आमचा जावई एमिलबेक रशियात इमारतींच्या कामावर असतो. पैसे पाठवतो, पण ते कधी येतील याचा भरवसा नाही. धाकटीच्या वेळेस घरात बसल्या बसल्या जाझगुलने लोकर थापून सपाता करायला घेतल्या. साबणाच्या पाण्यात लोकर मळायची, लाकडी साच्यावर चढवायची, वाळवायची. हात सोलून निघायचे. पहिल्या सपाता बिश्केकच्या एका दुकानात गेल्या. मग कुणीतरी तिला इंटरनेटवर विकायला शिकवलं, आणि जर्मनी, कॅनडा अशा ठिकाणांहून मागणी यायला लागली. मला वाटलं, सुटली पोरगी.

एकदा माहेरी आली तेव्हा तिने माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक जोड ठेवला. आईला आमच्याकडे आपा म्हणतात.

‘आपा, सांग, वजन किती?’

‘चिमणीएवढं.’

‘कुरियरवाले म्हणतात, बोकडाएवढं.’

मग तिने समजावलं. ते काटा बघतच नाहीत. खोक्याची लांबी, रुंदी, उंची मोजतात, गुणाकार करतात, त्यांच्या ठरलेल्या आकड्याने भागतात आणि जे उत्तर येईल त्याला वजन म्हणतात. हलकी वस्तू मोठ्या खोक्यात गेली की मेलीच.

‘अगं, हे वजन नव्हे, हे आकारमान आहे,’ मी म्हणाले.

‘मग जा ना, शिकव त्यांना. म्हणावं, माझी जाझगुल तुमच्याकडे येते, तिला वस्तुमानाचा धडा पाठ आहे, दर कमी करा.’

आम्ही दोघी खूप हसलो. पण हसण्यासारखं नव्हतं. गिऱ्हाईक सपाता निवडायचं, रंग ठरवायचं, मापही सांगायचं, आणि शेवटी पाठवणावळ दिसली की निघून जायचं. टपालाने स्वस्त पडायचं, पण कधी पोहोचेल ते देवाला ठाऊक. जाझगुलने एका सपातीत दुसरी घालून बघितली. पुठ्ठा कापून स्वतः खोकी केली, इतकी घट्ट की उघडताना सपाता उडी मारून बाहेर यायच्या. तरी सपातांपेक्षा त्यांचा प्रवासच महाग पडत होता.

म्हणून ती सवलतीचा दर मागायला बिश्केकला गेली. कुरियर कंपनीच्या कचेरीत मिरलान नावाचा एक तरुण होता. वागायला गोड, तिला ‘एजे’ म्हणजे ताई म्हणणारा, पण आकड्यांच्या बाबतीत दगड. त्याची आणि तिची बोलणी ती घरी नक्कल करून दाखवायची.

‘सवलत मोठ्या गिऱ्हाइकांना असते, एजे. तुमची महिन्याला खोकी किती?’

‘तुम्ही दर कमी केलात तर पुष्कळ.’

‘आधी पुष्कळ, मग दर कमी.’

‘म्हणजे भाऊ, आधी पोराने पळायचं आणि मग तुम्ही त्याला चालायला शिकवणार?’

तो हसला आणि नाहीच म्हणाला. ती पुन्हा गेली. दुसऱ्या दोन कंपन्यांचे दर विचारून गेली आणि ते त्याच्यापुढे मांडले. तेव्हा कुठे तो सरळ बसला. महिन्याला एवढी खोकी हवीत, करार एक वर्षाचा, नाव एकच, आणि माल एकाच दारातून उचलणार. ‘मागे माणसं कितीही असोत,’ तो म्हणाला, ‘माझ्यापुढे एकच माणूस उभं पाहिजे.’

जाझगुल एकटी एवढी खोकी कुठून आणणार? पण आमच्याकडे कुणी घर बांधायला काढलं की सगळी गल्ली चिखल तुडवायला येते. तिने तेच केलं. टोप्या करणारी बुरुल आली, तुकड्यांच्या गोधड्या शिवणारी आणि तिची सून आली, लोकरीची खेळणी करणाऱ्या शेजारणी आल्या. सगळ्यांचा माल जाझगुलच्या नावाने जायला लागला, आणि दर जवळजवळ निम्मा झाला. बुरुलने पहिल्यांदा आपली टोपी परदेशात पाठवली त्या दिवशी म्हणे ती गाडीच्या मागे रस्त्याच्या टोकापर्यंत चालत गेली.

मला मात्र तेव्हापासून घोर लागला.

‘सगळ्यांची खोकी तुझ्या नावावर? कुणी काही भलतंसलतं घातलं तर?’

‘आपा, घराचा चिखल कुणी किती तुडवला याचा कुणी हिशेब ठेवतं का?’

‘घर पडलं तर ठेवतात.’

‘तू ना, काळजीच्या शाळेतही शिकवू शकशील.’

पण माझं तिने ऐकलं, एवढं म्हणायला हवं. चिकटपट्टी लावायच्या आधी प्रत्येक खोकं स्वतः उघडून बघायचं, असा नियम केला. बायका चिडवायच्या. ‘आली गं सीमेवरची पोलीस,’ बुरुल म्हणायची. ‘माझ्या टोपीत काय सापडणार तुला, डोकं?’ जाझगुल हसायची आणि तरीही उघडायची. एकदा वाळलेल्या जर्दाळूंची पुडी निघाली, एकदा दह्याच्या सुकवलेल्या गोळ्या. खायच्या वस्तू कुरियरला चालत नाहीत, म्हणून ती त्या बाजूला काढून मालकिणीच्या हातात द्यायची. कुणी रागावलं नाही.

फक्त एक खोकं तिने उघडलं नाही.

ते बातमा एजेंचं होतं. बातमा एजे म्हणजे जाझगुलची आतेसासू, तिच्या वारलेल्या सासऱ्यांची थोरली बहीण. राहतात शेजारच्या आवारात, पण त्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. सून त्यांच्याकडे पाठ करून बसत नाही, त्यांचं नाव तोंडाने घेत नाही. घरातल्या मुलांसारखं ‘थोरल्या आजी’ म्हणते. त्यांचा मुलगा कोरियात कारखान्यात कामाला आहे. बातमा एजे बांधलेलं खोकं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘सपाता आहेत, माझ्या पोराला. तूच शिकवल्यास ना, तशाच केल्यात. लाव पट्टी.’ अशा बाईसमोर त्यांनी स्वतः बांधलेली दोरी सोडायची म्हणजे तुमच्यावर विश्वास नाही असं तोंडावर सांगणं. जाझगुलने पट्टी लावली.

आत सपाता होत्या, खरं आहे. एका सपातीत बाटली होती, बिज्जू नावाच्या बिळात राहणाऱ्या जनावराच्या चरबीची. खोकला छातीत गेला की आमच्याकडे ती गरम दुधातून देतात. मुलगा फोनवर खोकत होता, आईने काय करावं? माझ्या मुलीने तसं खोकून दाखवलं असतं तर मीही पाठवली असती, हे मला लपवायचं नाही. बाटलीचं झाकण वाटेत सैल झालं. चरबी त्याच पोत्यातल्या बाकीच्या खोक्यांवर पसरली, आणि तो माल तपासणीत अडकला. कंपनीने जाझगुलच्या नावाचा सगळा व्यवहार थांबवला. बुरुलच्या टोप्याही त्यातच आहेत, चरबीचा वास लागलेल्या.

मिरलानने तिला बोलावून घेतलं. तो वाईट मुलगा नाही. म्हणाला, ‘एजे, खोकं दुसऱ्या कुणाचं असेल तर त्या बाईंना घेऊन या, सही करू दे. त्यांचा माल आम्ही पुढे घेणार नाही, एवढंच. तुमचा करार मी वाचवीन. पण तुमचंच असेल तर माझे हात बांधलेले आहेत.’

‘माझंच होतं,’ जाझगुल म्हणाली.

‘नीट आठवा.’

‘आठवून सांगते आहे.’

त्याने तिला उद्या दुपारपर्यंत वेळ दिला. हे मला तिने नाही, बुरुलने फोन करून सांगितलं. बुरुलने ते खोकं येताना पाहिलं होतं. ‘ताई, तुमची मुलगी वेडी आहे,’ ती म्हणाली, आणि मग रडायला लागली. ती स्वतः का बोलत नाही, असं मी विचारलं. ‘मी बातमा एजेंच्या आवारात भाड्याने राहते,’ ती म्हणाली.

आज सकाळी मी कोचकोरला गेले. कुणाला न कळवता मुलीच्या सासरी जाणं बरं दिसत नाही, पण गेले. विहीणबाईंनी दारातच मिठी मारली. गरम बोरसोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळले, साय काढली, जेवायला मानाचं हाड माझ्यापुढे ठेवलं. बातमा एजे वरच्या जागी बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी मला बसवलं. जाझगुल चहा ओतत होती, वाटी अर्धीच भरून, रीतीप्रमाणे, दोन्ही हातांनी.

‘तुमची लेक फार कामाची आहे हो,’ बातमा एजे मला म्हणाल्या. ‘पण हल्ली तोंड पाडून असते. काय गं, दुकान चालत नाही का?’

‘चालतंय, थोरल्या आजी.’

‘कुणीतरी म्हणालं, काहीतरी सांडलं म्हणे गाडीत. या तुमच्या नव्या बायका, झाकण लावायचं तेवढं जमत नाही यांना.’ त्या हसल्या. ‘आणि माझ्या पोराचं खोकं? अजून पोहोचलं नाही म्हणतो.’

‘पोहोचेल,’ जाझगुल म्हणाली आणि माझी वाटी घेतली, जी अजून रिकामी झालीच नव्हती.

त्यांना ठाऊकच नव्हतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिथे काही लपवलेलं नव्हतं. त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. पण मी मुलीची आई, त्यांच्या घरी, त्यांचं मीठ खात बसलेली. तिथे मी तोंड उघडलं असतं तर ‘सुनेने माहेरी जाऊन थोरल्या आजीची तक्रार केली’ असंच सगळ्यांनी ऐकलं असतं. एमिलबेक दूर आहे. जाझगुलला त्याच चुलीपाशी रोज उठायचं आहे. मी हाड चोखलं, दुआ मागितली आणि उठले.

फाटकापाशी मी तिचा हात धरला. लोकर मळून मळून तो खरखरीत झाला आहे.

‘त्यांना फक्त सांग. त्या ओरडणार नाहीत.’

‘ओरडल्या असत्या तर सोपं होतं, आपा. त्या रडतील. मुलाला औषध पाठवलं आणि त्याने सगळ्या गल्लीचं काम गेलं, हे त्या मरेपर्यंत विसरणार नाहीत.’

‘आणि बुरुल? त्या बाकीच्या बायका?’

तिने हात सोडवून फाटकाची कडी काढली. मग म्हणाली, ‘दुसरी कंपनी शोधीन.’

‘बायकांनी पुन्हा खोकी दिली नाहीत तर कोण देणार तुला दर?’

‘घरी जा, आपा. गाडी भरली की जागा मिळणार नाही.’

मी आले. गाडीत खिडकीशी बसून मी मनात कितीतरी वाक्यं जुळवली, आणि बालिकची येईपर्यंत सगळी मोडून टाकली. मुलीला लहानपणी काही शिकवायचं राहून गेलं का, असा विचार करायचीही सोय नाही. तिला मीच वाढवलं, आणि ती अशीच आवडली मला. मिरलानला फोन करून खरं सांगावं, असंही मनात आलं. पण मग त्याचं पत्र बातमा एजेंच्या दारात जाईल, परक्या माणसाच्या हातून. ते त्याहून वाईट.

बातमा एजेंचा नंबर माझ्याकडे आहे. सणाला त्या मला फोन करतात, मी त्यांना. त्या पहाटे गाईंची धार काढायला उठतात, आणि गोठ्यात एकट्या असतात. विहीणबाई आणि जाझगुल झोपेतच असतात तेव्हा. रडायचं असेल तर तिथे कुणी बघायला नसेल. आणि बिश्केकची पहिली गाडी त्यानंतर सुटते. ठरवलं तर त्यांना त्या गाडीत बसून सही करायला जाता येईल.

जाझगुल मला कदाचित माफ करणार नाही. विहीणबाई पुढच्या वेळी कुठलं हाड पुढे ठेवतील, कोण जाणे. बातमा एजे गाडीत बसतील की गोठ्यातच बसून राहतील, हेही मला माहीत नाही. पण धार काढायच्या वेळेला मी त्यांना फोन करणार आहे. मुलाचा खोकला कसा आहे, हे आधी विचारीन. मग सांगीन.